बैलाचं दुखणं, गिधाडाचं मरण

राजस्थानात भरतपूरजवळचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान पाणपक्ष्यांसाठी जगभर ओळखलं जातं. तिथे १९८७-८८च्या हंगामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्या कामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटीही मोजली. ती ३५३ भरली. त्या काळी या आकड्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं, कारण गिधाडं गावोगावी होती. १९९६ साली घरटी पुन्हा मोजली तेव्हा ती दीडशेवर आली होती. झाडांच्या फांद्यांवर, झुडपांत, घरट्यांच्या कडेला मेलेले पक्षी लटकत होते. जे जिवंत होते त्यांतले कित्येक मान खाली टाकून तासन्‌तास, दिवसचे दिवस तसेच बसून राहत आणि एक दिवस फांदीवरून कोसळत. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात, तोच केवलादेवमध्ये या गिधाडाचं एकही घरटं उरलं नाही.

हे एका उद्यानापुरतं असेल अशी आशा सुरुवातीला होती. देशभरातल्या रस्त्यांवरून गाड्या फिरवून पुन्हा मोजणी झाली आणि ती आशा मावळली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांतलं एक उरलं. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं गिधाड या दोन भावंडांची घट मिळून जवळजवळ ९७ टक्के होती. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या मोठ्या संख्येने असलेला पक्षी इतक्या झपाट्याने नाहीसा झाल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

मुळात ही संख्या होती किती? ऐंशीच्या दशकात भारतात सगळी मिळून चार कोटींच्या आसपास गिधाडं असावीत, असा अंदाज अनेकदा दिला जातो. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा तर जगातला सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी मानला जात होता. तेव्हा काळजी वेगळीच होती. विमानतळांच्या आसपास गिधाडं इतकी घिरट्या घालत, की विमानांना त्यांची धडक बसू नये म्हणून काय करावं यावर याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडून अभ्यास करवून घेतला गेला होता. त्या अभ्यासानंतर दहा-पंधरा वर्षांत तीच संस्था गिधाडं वाचवायच्या कामाला लागली.

हे सगळं घडत असताना बंदुकीची एक गोळी झाडली गेली नव्हती. जंगल तोडलं म्हणून हे झालं नव्हतं, खाणं संपलं म्हणूनही नाही. मेलेली गुरं गावाबाहेर पडतच होती. घरटी बांधायला झाडं होती, कडे-कपारी होत्या. वन्यजीव संपण्याची जी कारणं शाळेच्या पुस्तकात असतात, त्यांतलं एकही लागू पडत नव्हतं. म्हणून प्रथम संशय गेला तो रोगावर. एखादा नवा विषाणू पसरला असावा, असं भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनाही वाटत होतं.

मेलेलं गिधाड शवविच्छेदनाच्या टेबलावर उघडलं की जे दिसे ते विसरण्यासारखं नव्हतं. यकृत, हृदयाभोवतीचं आवरण, मूत्रपिंडं, आतडी या सगळ्यांवर खडूची पूड पाण्यात कालवून सारवावी तसा पांढरा थर. तो थर म्हणजे युरिक आम्लाचे स्फटिक. पक्ष्यांच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकला जातो आणि ते काम मूत्रपिंडांचं. मूत्रपिंडं बंद पडली की आम्ल रक्तात साचतं आणि मिळेल त्या अवयवावर बसतं. थोडक्यात, गिधाडांची मूत्रपिंडं अचानक निकामी होत होती. ती कशाने, याचा पत्ता लागत नव्हता.

तो लागला पाकिस्तानात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि पेरेग्रिन फंड या संस्थेचे सहकारी २००० सालापासून पाकिस्तानी पंजाबातल्या गिधाडांच्या वसाहतींवर नजर ठेवून होते. मेलेले पक्षी गोळा करायचे आणि प्रयोगशाळेत एकेक शक्यता तपासायची, असा त्यांचा क्रम होता. विषाणू सापडला नाही, जिवाणू सापडले नाहीत. कीटकनाशकं, शिसं, पारा यांचाही माग लागला नाही. मग ओक्स यांनी प्रश्नच बदलला. गिधाड खातं काय? मेलेली गुरं. मग ही गुरं मरण्याआधी काय खातात, त्यांना काय टोचलं जातं? संशोधकांनी गुरांचे डॉक्टर आणि औषधांची दुकानं गाठली. मूत्रपिंडाला बाधू शकेल, पोटातून रक्तात सहज शोषलं जाईल आणि अलीकडेच वापरात आलं असेल, असं एखादं औषध ते शोधत होते. नाव एकच पुढे आलं: डायक्लोफिनॅक.

मग तपासणी सरळ होती. ज्या गिधाडांच्या अवयवांवर तो पांढरा थर होता अशा २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक शोधलं गेलं. २५च्या २५ पक्ष्यांत ते सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकाच्याही अंगात ते नव्हतं. औषध दिलेल्या जनावरांचं मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातलं, तर तीही त्याच लक्षणांनी दगावली. २००४च्या सुरुवातीला ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. ओक्स २०११ साली गेले. आज दक्षिण आशियात जी काही गिधाडं उरली आहेत, त्यांच्यावर या माणसाचं मोठं ऋण आहे.

डायक्लोफिनॅक हे नाव वाचकांना नवं नाही. गुडघेदुखी, कंबरदुखी, दाढदुखी यांवर घराघरांत घेतलं जाणारं हे औषध. माणसांसाठी ते सत्तरच्या दशकात आलं. नव्वदच्या दशकात भारतातल्या कंपन्यांनी ते स्वस्तात गुरांसाठीही बाजारात आणलं आणि शेतकऱ्याला ते देवासारखं पावलं. बैल लंगडतोय, गाईच्या कासेला दगडी झालीय, म्हैस व्याल्यावर उठत नाही, अशा वेळी सूज उतरवणारं, कळ मारणारं इंजेक्शन थोडक्या पैशांत मिळू लागलं. नांगरणीच्या दिवसांत बैल चार दिवस आधी उभा राहिला, तर त्या घरासाठी ते केवढं मोठं होतं, हे शेती पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून या गोष्टीत खलनायक शोधायला जाऊ नये. शेतकऱ्याने आपल्या जनावराचं दुखणं पाहिलं आणि त्यावर उपाय केला.

जे जनावर बरं झालं, त्याचा प्रश्न नव्हता. काही दिवसांत औषध त्याच्या अंगातून निघून जाई. प्रश्न होता तो इंजेक्शन देऊनही न वाचलेल्या जनावराचा. मरणाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी टोचलेलं औषध त्याच्या मांसात, यकृतात, मूत्रपिंडात तसंच राहिलेलं असे आणि ते धूड गावाबाहेर माळावर पडे. गिधाडाला मारायला या औषधाची मात्रा किती लागते? त्याच्या दर किलो वजनामागे पाव मिलिग्रॅमहूनही कमी. माणूस सहज घेतो त्या पन्नास मिलिग्रॅमच्या गोळीत डझनावारी गिधाडांना पुरेल एवढं विष असतं. कुत्रं, कावळा तेच मांस खाऊन सुखरूप राहतात.

तरीही चार कोटी पक्षी मरायला किती गुरं विषारी असावी लागतील? हा हिशेब केंब्रिजच्या ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि त्याचं उत्तर अंगावर येणारं होतं. शंभरातलं एक धूड विषारी असण्याचीही गरज नव्हती. तेवढी मोठी घट व्हायला साधारण १३० ते ७६० धुडांमागे एक पुरेसं होतं. कारण गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. आकाशात दूरवर पसरलेल्या गिधाडांतलं एक खाली झेपावलं की शेजारचं ते पाहतं आणि येतं, त्याला पाहून पुढचं येतं. तासाभरात एका बैलावर शंभर पक्षी जमतात आणि तासाभरात हाडं उघडी पडतात. लाखो वर्षं याच सवयीने या पक्ष्याला जगवलं, आणि याच सवयीमुळे एका विषारी धुडावर आख्खी वसाहत संपू लागली. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतभरातून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले, तेव्हा दहातल्या एका नमुन्यात डायक्लोफिनॅक निघालं. हिशेबाने जेवढं पुरेसं ठरत होतं, त्याच्या कितीतरी पट.

आणि गिधाड लवकर सावरणारा पक्षी नाही. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबवायला जवळजवळ दोन महिने, पिल्लू उडायला आणखी तीन-चार महिने. ते पिल्लू स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षांनी तयार होतं. उंदराची, चिमणीची संख्या घटली तर दोन-चार चांगल्या हंगामांत ती भरून येते. मेलेल्या एका मोठ्या गिधाडाची जागा भरायला मात्र अनेक वर्षं लागतात.

गिधाड नसल्याने माणसाचं काय बिघडलं, याची उत्तरं हळूहळू पुढे आली. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत. गिधाड नाहीसं झालं आणि मेलेली गुरं माळावर, ओढ्याकाठी सडत पडली. त्यांवर कुत्र्यांची टोळकी पोसली गेली. अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या अंदाजानुसार गिधाडं घटत असताना देशातली कुत्री निदान ५५ लाखांनी वाढली, त्यांनी घेतलेले जादा चावे पावणेचार कोटींच्या वर गेले आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा माणसं मेली. पुढे ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने तेच तपासलं. जिथे पूर्वी गिधाडं नांदत होती असे जिल्हे आणि जिथे ती मुळातच फारशी नव्हती असे जिल्हे यांतल्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. गिधाडं गेल्यावर पहिल्या गटातलं माणसांचं मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढलं होतं. २००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा निष्कर्ष २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अंदाजांत मागेपुढे होऊ शकतं. पण त्यातला निम्माच खरा धरला, तरी एका पक्ष्याच्या जाण्याने एवढी माणसं गेल्याचं दुसरं उदाहरण सहजी आठवत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गिधाडांचं ‘फुकट स्वच्छता करणारे’ म्हणून कौतुक करताना, आपल्या गावांत मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम माणसांवर जातीने लादलेलं होतं, हे विसरता येत नाही. १९२७च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असली कामं सोडून देण्याचं आवाहन केलं आणि महार समाजाने ती सोडली. ते योग्यच झालं. गिधाडं परत यावीत असं म्हणताना ती जुनी व्यवस्था परत यावी, असं कुणालाही म्हणता येणार नाही. मेलेलं जनावर माळावर पोचवण्याची सोय ग्रामपंचायतीने ट्रॅक्टरने, पैसे मोजून करायची आहे. ते कुणाच्या जन्माचं काम नाही.

मुंबईतल्या पारशी समाजाला हा घाव सर्वांत आधी आणि सर्वांत थेट बसला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतल्या दख्म्यांत मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची त्यांची रीत शतकांची. गिधाडं गेली आणि ती रीत अडली. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. पावसाळ्यात ढगांमुळे ती फारशी चालत नाहीत. धर्माने सांगितलेला अखेरचा विधी कसा करायचा, यावर त्या समाजात मतभेद झाले. काहींनी दहनाची वाट धरली. गुरांच्या एका इंजेक्शनाची झळ कुठवर पोचावी!

कारण कळल्यावर पुढचं काम तसं सोपं होतं आणि भारताने ते बऱ्यापैकी लवकर केलं, हे मान्य करायला हवं. आधी पर्याय शोधला गेला. मेलोक्सिकॅम हे सूज आणि वेदनेवरचंच दुसरं औषध गिधाडांना देऊन पाहिलं, तेव्हा ते सुरक्षित निघालं. २००६च्या सुरुवातीला त्याचे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या तिन्ही देशांनी गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बनवायला मनाई केली. भारताने २००८ साली राजपत्रात अधिसूचना काढून ही बंदी पक्की केली. बांगलादेश २०१० साली त्यात सामील झाला. राजकारणात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या शेजाऱ्यांनी एका पक्ष्यासाठी एकसारखा निर्णय घेतला, याची नोंद व्हायला हवी.

मग पळवाट निघाली. बंदी गुरांच्या औषधावर होती, माणसांच्या नव्हे. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीतही मिळत होतं. एका माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागतं. तीस मिलिलिटरची बाटली सोयीची पडते ती बैलाला. २००७ ते २०१० या काळात संशोधकांनी ११ राज्यांतल्या अडीचशेवर दुकानांत जाऊन गुराच्या दुखण्यावर औषध मागितलं. ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक मिळालं. अखेर २०१५ साली केंद्र सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त तीन मिलिलिटरच्या, एका वेळच्या बाटलीतच विकायचं बंधन घातलं. कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ साली न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम ठेवला. बाटलीचा आकार हा वन्यजीव संरक्षणाचा विषय होऊ शकतो, असं त्याआधी कुणाच्या मनातही आलं नसेल.

तोवर दुसरी औषधं बाजारात पाय रोवून बसली होती. कीटोप्रोफेन गिधाडांना मारतं, हे २०१०च्या आसपास सिद्ध झालं. बांगलादेशाने त्यावर २०२१ साली बंदी घातली. भारताने ती घालायला २०२३चा जुलै उजाडला. त्याच आदेशात अॅसिक्लोफिनॅकही होतं. हे औषध गुराच्या शरीरात गेल्यावर बघता बघता डायक्लोफिनॅकमध्येच बदलतं. म्हणजे बंदी घातलेलं औषध नाव बदलून वर्षानुवर्षं विकलं जात होतं. निमेसुलाइडवर बंदी यायला २०२४चा डिसेंबर संपत आला. दर वेळी क्रम एकच राहिला. आधी औषध विकायला परवानगी, मग मेलेली गिधाडं, मग अभ्यास, मग बंदीसाठी पाठपुरावा आणि शेवटी आदेश. यातल्या प्रत्येक टप्प्याला वर्षं लागतात, आणि उरलेल्या मोजक्या पक्ष्यांजवळ तेवढी वर्षं नाहीत.

खरी गोम इथे आहे. गिधाड वन खात्याच्या ताब्यात आहे, पण त्याचं जगणं-मरणं औषध नियंत्रकाच्या आणि पशुसंवर्धन खात्याच्या टेबलावर ठरतं. अभयारण्याला कुंपण घालता येतं. गिधाड मात्र सकाळी कड्यावरून उठून दिवसाकाठी शंभरेक किलोमीटरचा फेरफटका सहज मारून येतं. तेवढ्या टापूतल्या एखाद्या दुकानात चुकीचं औषध विकलं गेलं, तर वनरक्षक काय करणार? म्हणूनच घरट्यांभोवतीचा शंभर किलोमीटर त्रिज्येचा परिसर ‘गिधाडांसाठी सुरक्षित’ करायचा, अशी कल्पना पुढे आली. तीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा प्रदेश. त्यात अभयारण्यं कमी, गावं आणि गोठेच जास्त.

हे करता येतं, हे नेपाळने दाखवलं. नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौली गावात २००६ साली स्थानिक लोकांनी आणि ‘बर्ड कन्झर्वेशन नेपाळ’ने गिधाडांसाठी भोजनालय सुरू केलं. त्याला जटायूचं नाव दिलं. शेतकऱ्याला सांभाळणं जड झालेली म्हातारी गुरं तिथे घेतली जातात. ती मरेपर्यंत पोसली जातात. दुखलंखुपलं तर मेलोक्सिकॅमच दिलं जातं. गाय आपल्या मरणाने मेली की मग ती गिधाडांची. लपणातून पक्षी पाहायला पर्यटक येतात आणि त्यांच्याकडून मिळणारे पैसे गावाला मिळतात. याच्या जोडीला कार्यकर्त्यांनी दुकानादुकानांतून डायक्लोफिनॅकचा साठा परत घेतला आणि बदल्यात मेलोक्सिकॅम दिलं. नेपाळमधली पांढऱ्या पाठीची गिधाडं गेल्या दशकापासून पुन्हा वाढू लागली आहेत. कायदा, पर्यायी औषध आणि गावाचा स्वार्थ या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या. गाईविषयीची श्रद्धाही त्यात आड आली नाही, उलट कामीच आली.

महाराष्ट्रातही हे धडे गिरवले गेले आहेत. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानातल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून राहिली. महाडची ‘सीस्केप’ ही संस्था आणि गावकरी यांनी त्या घरट्यांची राखण केली, त्यांच्यासाठी मेलेली गुरं आणून टाकली. कोकणात अडचण वेगळीच होती. गुरं कमी झाली, मेलेलं जनावर पुरण्याची पद्धत रुळली आणि पक्ष्यांवर उपासमार आली. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे हरसूल भागातल्या खोरीपाड्याला आणि विदर्भात गडचिरोलीतही गिधाडांसाठी खाण्याच्या जागा केल्या गेल्या. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून घरटी करतात. त्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला, जटायू पडला ती जागा म्हणून भाविक दर्शनाला जातात. सीतेसाठी रावणाशी झुंजलेल्या पक्ष्याचे वंशज तिथून काही कोसांवर तग धरून आहेत, हे त्या भाविकांपर्यंत पोचवायला हवं.

हरयाणातल्या पिंजोर इथल्या केंद्रात २००४पासून पांढऱ्या पाठीच्या, लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या अशा तिन्ही जातींची बंदिस्त वीण होते. अंडी कृत्रिमरीत्या उबवून त्याच हंगामात जोडीकडून दुसरं अंडं मिळवायचं तंत्रही तिथे बसवलं गेलं. तिथली वीस गिधाडं २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्रात आली. लांब चोचीची दहा पेंचला आणि पांढऱ्या पाठीची दहा ताडोबाला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बांधून त्यांना मोकळं सोडलं. त्यांतलं ताडोबाचं एक गिधाड भटकत भटकत थेट तामिळनाडूत पोचलं आणि तिथे विजेच्या तारेचा धक्का बसून मेलं. ज्या आकाशात आपण ही पाखरं सोडतो आहोत, त्यात औषधांखेरीज तारांचा धोकाही आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला गिधाडांचं मरण वेगळ्या वाटेने येतं. आफ्रिकेतल्या आठ जातींचा आढावा २०१६ साली डार्सी ओगाडा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तीस वर्षांत सरासरी ६२ टक्के घट, आणि सर्वांत मोठं कारण विषप्रयोग. सिंहाने गाय मारली म्हणून पशुपालक धुडात कीटकनाशक पेरतो आणि सिंहाबरोबर पन्नास गिधाडं मरतात. त्याहून भयंकर आहे ते हस्तिदंताच्या तस्करांचं कृत्य. हत्ती मारला की वर गिधाडं घिरट्या घालू लागतात आणि वनरक्षकांना जागा कळते. म्हणून तस्कर हत्तीच्या धुडातच विष कालवतात. २०१९च्या जूनमध्ये बोत्स्वानात तीन हत्तींच्या अशा विषारी धुडांवर ५३७ गिधाडं मेलेली सापडली. वर्षाला एखादंच पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्यांची एवढी मोठी संख्या एका ठिकाणी संपली.

कॅलिफोर्नियातलं काँडोर हे प्रचंड गिधाड शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्यांनी संपत आलं. गोळी लागलेलं हरीण खाताना शिशाचे कण पक्ष्याच्या पोटात जातात. १९८७ साली निसर्गातलं अखेरचं काँडोर पकडलं तेव्हा जगात ते फक्त २७ उरले होते. आज बंदिस्त आणि मोकळे मिळून पाचशेच्या वर आहेत. पण शिकारीत शिसं वापरायची पूर्ण बंदी कॅलिफोर्नियात २०१९ साली आली, आणि शेजारच्या राज्यांत शिशाच्या गोळ्या अजून चालतात. त्यामुळे मोकळे काँडोर अधूनमधून पकडून त्यांच्या रक्तातलं शिसं उतरवावं लागतं. विष न थांबवता पक्षी वाढवले, तर ते दवाखान्याच्या आधारावरच जगत राहतात.

या सगळ्यात समजायला सर्वांत अवघड आहे ते स्पेनचं वागणं. युरोपातली सर्वाधिक गिधाडं स्पेनमध्ये आहेत. दक्षिण आशियात काय घडलं ते जगाला कळून जवळजवळ दहा वर्षं झाल्यावर, २०१३ साली, स्पेनने गुरांसाठी डायक्लोफिनॅक विकायला परवानगी दिली. सुरक्षित पर्याय हाताशी असताना दिली. आमच्याकडे मेलेली गुरं नीट हाताळली जातात, गिधाडांपर्यंत औषध पोचणार नाही, असा युक्तिवाद होता. २०२०च्या सप्टेंबरमध्ये कॅटलोनियातल्या बुमोर्त इथल्या घरट्यात काळ्या गिधाडाचं पिल्लू मेलेलं सापडलं. अवयवांवर तोच पांढरा थर, अंगात तेच औषध. भारताने मोजलेली किंमत अभ्यासून शहाणं व्हायची संधी एका श्रीमंत देशाने घालवली.

भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं साधारण सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि बारीक चोचीची अवघी हजारभर असावीत, असं २०१५च्या देशव्यापी मोजणीतून निघालं. घसरण बरीच मंदावली आहे. ती थांबून चढ लागेल की नाही, हे पुढच्या काही वर्षांत आपण काय करतो त्यावर आहे. सरकारने करायची गोष्ट स्पष्ट आहे. गुरांसाठी येणारं प्रत्येक नवं वेदनाशामक औषध आधी गिधाडांसाठी सुरक्षित आहे का ते तपासलं जावं, आणि तसं सिद्ध झाल्याखेरीज त्याला परवाना मिळू नये. तपासणी करू शकणारी संस्था आपल्याकडेच आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने हे काम केलेलं आहे.

दुसरी गोष्ट वाचकांच्या हातातली आहे. दिवाळीला गावी गेलात, घरी गुरं असतील, तर गोठ्यातल्या फळीवरची औषधाची बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचा. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, कीटोप्रोफेन किंवा निमेसुलाइड असेल तर ती पुन्हा वापरू नका, दुकानदारालाही सांगा. गुरांच्या डॉक्टरकडे मेलोक्सिकॅम मागा. ते तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं, सूज उतरवतं आणि महागही नाही.